सकाळचे ताट आणि रात्रीची भूक : पोषकघटक आणि दिवसभराचे उष्मांक यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातून आणि सिन्नर, निफाड, दिंडोरी या तालुक्यांतून आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या मंडळींच्या प्रश्नांचे शब्द बदलतात, पण गाभा बहुधा एकच असतो: आत्ता ताटात जे वाढून घेतले, त्यावरून पुढच्या जेवणात किती खाल्ले जाईल हे ठरते का? त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन विषय एकमेकांत गुंतले आहेत, तिथे प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. मुख्य पोषकघटक कोणते? कॅलरी, किलोकॅलरी आणि उष्मांक या वेगवेगळ्या गोष्टी आहेत का?

कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ हे तीन मुख्य पोषकघटक होत. एक ग्रॅम कर्बोदकांतून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून ९ किलोकॅलरी मिळतात. तंतुमय पदार्थांतून सुमारे २ आणि मद्यार्कातून ७ किलोकॅलरी मिळतात. बोलताना आपण ज्याला ‘कॅलरी’ म्हणतो, ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते. या पानावर उष्मांक हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

२. सकाळी मी काय खाल्ले, यावर रात्री मी किती खाईन हे खरेच ठरते का?

काही अंशी ठरते, पण पूर्णपणे नाही. शरीर आधीच्या खाण्याची भरपाई करते, म्हणजे सकाळी जास्त खाल्ले तर पुढे थोडे कमी खाल्ले जाते आणि सकाळी कमी खाल्ले तर पुढे थोडे जास्त. मात्र ही भरपाई बहुधा अपुरी असते. सकाळी ४०० उष्मांक जास्त गेले, तर रात्रीपर्यंत नेमके ४०० उष्मांक कमी खाल्ले जातील, अशी चोख हिशेबवही शरीर ठेवत नाही. ही भरपाई किती होईल, हे सकाळच्या खाण्यात प्रथिने किती होती, पाणी आणि तंतू किती होते आणि ते चावून खाल्ले की प्यायले, यांवर बऱ्याच प्रमाणात अवलंबून असते. पुढची बहुतेक उत्तरे या तीन मुद्द्यांचाच विस्तार आहेत.

वेळेचाही प्रश्न आहे. अमेरिकी संशोधक जॉन द कॅस्ट्रो यांनी २००४ मध्ये ८६७ जणांच्या सात दिवसांच्या आहारनोंदी तपासल्या. ज्यांच्या दिवसभराच्या खाण्याचा मोठा वाटा सकाळी होता, त्यांचे एकूण उष्मांक कमी आढळले आणि ज्यांचा मोठा वाटा रात्री उशिरा होता, त्यांचे जास्त आढळले. दिवस जसजसा सरतो, तसतसे तेवढ्याच उष्मांकांनी मिळणारे समाधान कमी वेळ टिकते, असेही या नोंदींत दिसले. अर्थात हा नोंदींतून दिसणारा संबंध आहे आणि तो कार्यकारणाचा पुरावा ठरत नाही. रात्री उशिरा जेवणारी माणसे इतरही अनेक बाबतींत वेगळी असतात.

३. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते असे म्हणतात. यामागे काही कारण आहे की ही जिममधली ऐकीव गोष्ट आहे?

कारण आहे, आणि ते एकापेक्षा अधिक आहे. प्रथिने पोटात गेल्यावर आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात, तर भूक चाळवणारे घ्रेलिन खाली येते. शिवाय प्रथिने पचवून वापरात आणताना त्यांच्यातील ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग खर्च होतो. कर्बोदकांसाठी हे प्रमाण ५ ते १० टक्के आहे आणि स्निग्ध पदार्थांसाठी जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत आहे.

याचा दिवसभराच्या खाण्यावर होणारा परिणाम अमेरिकेतील एका प्रयोगात नीट दिसला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १९ जणांच्या आहारातील प्रथिनांचा वाटा १५ वरून ३० टक्क्यांवर नेला, स्निग्ध पदार्थ कमी केले आणि कर्बोदके निम्म्या उष्मांकांइतकीच ठेवली. मग त्यांना बारा आठवडे भुकेप्रमाणे हवे तेवढे खाऊ दिले. कोणीही मर्यादा घातली नसताना त्यांचे खाणे दिवसाला सरासरी ४४१ उष्मांकांनी घटले आणि वजन सरासरी ४.९ किलो कमी झाले. प्रयोग लहान होता, हे लक्षात ठेवावे. तरीही ‘भूक मारून’ कमी खाणे आणि भूक नसल्यामुळे कमी खाणे यांत जो फरक आहे, तो वजन कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असतो.

४. प्रथिने कमी पडली तर शरीर आपल्याला जास्त खायला लावते, असे वाचले. ते कसे?

या कल्पनेची मांडणी स्टीफन सिम्प्सन आणि डेव्हिड राऊबेनहायमर या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये केली आणि तिची सुरुवात टोळांवरच्या अभ्यासातून झाली होती. शेतकऱ्यांना टोळ माहीत आहेत ते पीक फस्त करणारे म्हणून, पण प्रयोगशाळेत दिसले ते असे, की टोळांना प्रथिनांचा ठरावीक कोटा हवा असतो आणि अन्न प्रथिनांनी विरळ असेल तर तो पुरा करण्यासाठी ते बाकी सारे जास्त खातात. माणसाचेही काही अंशी असेच होत असावे, असा त्यांचा तर्क आहे.

हिशेब करून पाहू. २,००० उष्मांकांपैकी १५ टक्के प्रथिनांतून आले, तर ती ७५ ग्रॅम होतात. आहारातील प्रथिनांचा वाटा १० टक्क्यांवर उतरला आणि शरीराने ७५ ग्रॅमचाच हट्ट धरला, तर ३,००० उष्मांक खावे लागतील. प्रत्यक्षात इतकी टोकाची गोष्ट घडत नाही. सिडनीत २२ सडपातळ व्यक्तींवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार-चार दिवसांच्या प्रयोगात १५ टक्क्यांऐवजी १० टक्के प्रथिने मिळाल्यावर एकूण उष्मांक सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. ही वाढ मुख्य जेवणांत नव्हे, तर मुख्यतः मधल्या वेळच्या खाण्यात झाली. प्रथिने २५ टक्क्यांवर नेल्यावर मात्र १५ टक्क्यांच्या तुलनेत खाणे आणखी घटले नाही. म्हणजे कमतरता भरून काढण्याचा फायदा मोठा आहे आणि त्यापुढे ओतत राहण्याचा फायदा तेवढाच मिळेल असे नाही.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक लागू पडतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त उष्मांक येऊ नयेत. पण आपल्या देशात धान्यांचा वाटा ५० ते ७० टक्के आहे. चार पोळ्या, भात आणि वाटीच्या तळाशी पातळ वरण असे जेवण झाल्यावर तासाभरात चिवड्याच्या डब्याकडे हात जातो, तेव्हा दोष निग्रहाला देण्याआधी त्या वरणाकडे पाहावे.

५. सकाळी मिसळ खाल्ली की दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. मग ती चांगलीच म्हणायची ना?

मिसळीला सरसकट नावे ठेवणे हा नाशिकमध्ये शहाणपणा नव्हे आणि आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबर नाही. मोड आलेली मटकी हा तिचा उत्तम भाग आहे. ३० ग्रॅम कोरड्या मटकीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने आणि शिवाय तंतू मिळतात. सोबतचे दहीही प्रथिनांत भर घालते. भूक उशिरा लागते याचे काही श्रेय या दोहोंना जाते.

बाकीचे श्रेय मात्र एकूण उष्मांकांच्या राशीला आहे. तर्रीवर तरंगणाऱ्या तेलाच्या प्रत्येक मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात, त्यात फरसाण तळलेले, पाव मैद्याचा, आणि काही ठिकाणी शेवटी गुळाची जिलेबी. दुपारचे जेवण दोन तास पुढे गेले म्हणून हे सारे वसूल झाले असे होत नाही, कारण प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे भरपाई अपुरी असते. मिसळ खायची त्या दिवशी मटकी जास्त घ्यावी, तर्री वेगळी मागावी आणि पाव दोनवर थांबवावेत. नुसता रस्सा पुन्हा पुन्हा घेण्याची सवय असेल, तर तिथेच सर्वाधिक बचत आहे.

६. तुपातले, तेलातले खाल्ले की पोट जड राहते. मग स्निग्ध पदार्थच सर्वांत तृप्ती देणारे नाहीत का?

जडपणा आणि तृप्ती यांत गल्लत होते. स्निग्ध पदार्थांमुळे जठर हळू रिकामे होते, हे खरे. पण मोजायचे ते एका उष्मांकामागे मिळणारे समाधान, आणि तिथे स्निग्ध पदार्थ मागे पडतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ स्त्रियांना दोन-दोन आठवडे कमी, मध्यम आणि जास्त स्निग्ध आहार हवा तेवढा खाऊ दिला, तेव्हा स्निग्धांश वाढला तसे खाल्लेले उष्मांकही वाढले आणि त्यांना ते जाणवलेही नाही. माणूस साधारण सवयीच्या आकारमानाने जेवतो. त्याच आकारमानात तेल वाढले, तर उष्मांक गुपचूप वाढतात. भाकरीवर चमचाभर तूप घेण्यात काही बिघडत नाही. बिघडते ते भाजी तेलात पोहते तेव्हा.

७. मग कर्बोदके कमी करू की स्निग्ध पदार्थ? एकदाचे काय ते सांगा.

एका वाक्यात उत्तर द्यायचे तर, या दोहोंपैकी कोणाला काढता यापेक्षा त्यांच्या जागी काय येते हे पाहावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे सुमारे ७५ टक्के कर्बोदकांचा, वनस्पतिजन्य आणि अत्यल्प स्निग्ध आहार दिला, तर दोन आठवडे सुमारे ७५ टक्के स्निग्धांशाचा आणि सुमारे १० टक्के कर्बोदकांचा प्राणिजन्य आहार दिला. दोन्हींत प्रथिने सारखी होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या आहारावर माणसांनी दिवसाला सुमारे ६८९ उष्मांक कमी खाल्ले, तेही भूक किंवा समाधान यांत फरक न जाणवता. मात्र जेवणानंतरची रक्तशर्करा याच आहारावर अधिक होती आणि दुसऱ्या आहारावरचे खाणे दुसऱ्या आठवड्यात कमी झाले. म्हणून हा निकाल कर्बोदकांच्या बाजूने लागला असे कोणी समजू नये. त्या कर्बोदकांत भाज्या, कडधान्ये आणि कंदमुळे होती, खारी आणि टोस्ट नव्हते.

उकडलेल्या बटाट्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थांचे प्रत्येकी २४० उष्मांक खाऊ घालून दोन तास तृप्ती मोजली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरल्यावर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, म्हणजे सर्वांत जास्त, आणि लोणीदार क्रोसाँला ४७, म्हणजे सर्वांत कमी. बटाटा कर्बोदकच आहे. पण तोच बटाटा वेफर्स होऊन पाकिटात शिरला, की पाणी जाते, तेल येते आणि हिशेब उलटतो.

८. आमची द्राक्षबाग आहे. द्राक्षे आणि बेदाणे यांत पोषणाच्या दृष्टीने फरक तो काय, पाणीच ना?

पाणीच, आणि तोच सारा फरक आहे. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. १०० ग्रॅम द्राक्षांत ७० च्या आसपास उष्मांक असतात, तर १०० ग्रॅम बेदाण्यांत सुमारे ३००. साखर तीच असली, तरी मूठभर बेदाण्यांनी व्यापलेली जठरातील जागा मूठभरच राहते, आणि तेवढ्याच उष्मांकांची द्राक्षे खायची तर मोठी वाटी भरावी लागते. हंगामात बागेतून येता-जाता घोस तोडून खाणाऱ्यांनी मात्र ‘फळ आहे’ म्हणून मोजणे सोडू नये. अर्धा किलो द्राक्षे म्हणजे ३५० उष्मांक होतात आणि त्यांत प्रथिने जवळजवळ नाहीत.

९. चहा, उसाचा रस, सरबत हेही उष्मांकांत धरायचे का? त्यांनी पोट तर भरत नाही.

पोट भरत नाही, म्हणूनच धरायचे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० उष्मांक गोड पेयातून आणि नंतर तेवढेच उष्मांक चघळायच्या गोळ्यांतून दिले. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी दिवसभरात तेवढे दुसरे खाणे आपोआप कमी केले. पेय प्यायले तेव्हा ते मुळीच कमी झाले नाही.

दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखरेचे पाच कप चहा घेतले, की ५० ग्रॅम साखर आणि २०० उष्मांक झाले. दूध वेगळेच. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ते ३० ग्रॅम आहे, म्हणजे ती चहातच संपते. याला अपवाद आहे तो भाज्यांच्या किंवा डाळीच्या दाटसर सूपचा. द्रव असूनही जेवणाआधी घेतलेले सूप पुढचे जेवण कमी करते.

वाइनविषयीही विचारणा होते, आणि नाशिकमध्ये ती होणारच. १५० मिलिलिटर कोरड्या वाइनमध्ये सुमारे १२० उष्मांक असतात. त्यांची भरपाई होत नाही, उलट जेवणाआधी घेतलेले मद्य खाणे वाढवते.

१०. एकादशीला दिवसभर साबुदाणा खाते आणि रात्री हात आवरत नाही. उपवासाने उलट वजन वाढते आहे का?

वाढू शकते आणि त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आहे. साबुदाणा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात आणि प्रथिने एक ग्रॅमही नसतात. खिचडीत जी काही प्रथिने असतात, ती शेंगदाण्याच्या कुटातून येतात. २५ ग्रॅम दाण्यांतून सुमारे ६ ग्रॅम मिळतात, पण सोबत १४० उष्मांकही येतात. वड्यात तळणाचे तेल आणखी भर घालते.

उपवास मोडायची गरज नाही. भगर, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, दूध, पनीर यांतून उपवासाच्या चौकटीतच प्रथिने वाढवता येतात. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात. सकाळी वाटीभर खिचडीसोबत वाटीभर दही आणि दुपारी भगर व दाण्याची आमटी असा क्रम ठेवला, की रात्रीचा प्रश्न बराच सुटतो, असा अनुभव आहे.

११. नाश्ता टाळला तर रात्री दुप्पट खाल्ले जाते, हे खरे ना?

सर्वांच्या बाबतीत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील २०१३ च्या एका अभ्यासात नाश्ता टाळलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे थोडे जास्त खाल्ले तरी दिवसअखेर ४०८ उष्मांक कमीच खाल्ले. भूक नसताना केवळ नियम म्हणून पोहे खाणे आवश्यक नाही. पण ज्यांना संध्याकाळी सहा ते दहा या वेळात चरत राहण्याची सवय आहे, त्यांनी प्रथिनयुक्त नाश्ता करून पाहावा: दोन अंडी, मुगाचे धिरडे, किंवा नागलीची भाकरी आणि पिठले. त्र्यंबक-पेठ पट्ट्यातल्या घरांना हा शेवटचा सल्ला नवा वाटणार नाही.

१२. गोड शिरा खाल्ल्यावर दोन-तीन तासांत कडाडून भूक लागते. हा मनाचा खेळ आहे का?

नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२१ मध्ये १,०७० जणांच्या रक्तशर्करेच्या सलग नोंदी प्रसिद्ध केल्या. जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची शर्करा मूळ पातळीच्याही खाली घसरत होती, त्यांना लवकर भूक लागत होती आणि ते दिवसभरात सुमारे ३०० उष्मांक जास्त खात होते. विशेष म्हणजे तोच नाश्ता केलेल्या दोन माणसांत ही घसरण अगदी वेगळी असते. म्हणून आपल्या भावाला शिरा सोसतो, हा आपल्यासाठी पुरावा होत नाही.

१३. पाकिटावर छापलेले पोषकघटक घरच्या जेवणासारखेच असतील, तर पाकिटातले खाल्ले म्हणून काय बिघडले?

हा चांगला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटते. केव्हिन हॉल यांच्याच २०१९ च्या प्रयोगात २० जणांपुढे अतिप्रक्रिया केलेले आणि साधे असे दोन आहार ठेवले होते. मांडलेले उष्मांक, साखर, तंतू, मीठ आणि तिन्ही पोषकघटक जुळवलेले होते. तरीही अतिप्रक्रियायुक्त आहारावर दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले गेले. ही वाढ कर्बोदकांत आणि स्निग्ध पदार्थांत होती, प्रथिने मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढीच खाल्ली गेली. प्रश्न ४ मधील तर्काशी हे जुळते. तो आहार अधिक वेगानेही खाल्ला गेला.

१४. अंबडला कंपनीत रात्रपाळी असते. माझ्यासाठी ‘दिवस’ कधी सुरू होतो?

झोपून उठल्यानंतरचे पहिले जेवण हे आपले सकाळचे जेवण समजावे, मग घड्याळात संध्याकाळचे पाच का वाजले असेनात, आणि त्यातच प्रथिनांचा मोठा वाटा ठेवावा. शरीराचे अंतर्गत घड्याळ मात्र पाळीप्रमाणे पूर्णपणे वळत नाही, म्हणून मध्यरात्रीनंतरचे खाणे हलके असावे. झोप हा येथे मोठा घटक आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, तृप्तीशी निगडित लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ वाढली. अपुरी झोप झाल्यावर डब्यात कितीही उसळ असली, तरी कँटीनचा वडापाव खुणावणारच.

१५. मग रोज किती प्रथिने हवीत? पावडर घ्यावी लागेल का?

२०२० च्या भारतीय शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, आणि आहार प्रामुख्याने धान्यांवर असेल तर सुमारे १ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ५० ते ६० ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरी, दाट वरण, एक वाटी उसळ, वाटीभर दही, पेलाभर दूध आणि थोडे दाणे यांतून त्याच्या जवळपास पोहोचता येते. एखादे अंडे किंवा पनीर आले की कोटा पुरा होतो. पावडर बहुतेकांना लागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याचा कोणताही सल्ला, या पानावरचासुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणू नये. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके अचानक कमी केल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, म्हणून त्यांनाही हेच लागू आहे.

१६. माझ्या आईचे वय ७८ आहे. ती दोन घास खाऊन ‘पोट भरले’ म्हणते. तिलाही हेच सगळे लागू आहे का?

नाही, तिच्या बाबतीत जवळजवळ सारे उलटे करावे लागेल. उतारवयात भूक मुळातच कमी होते आणि स्नायू मात्र झिजत असतात. त्यामुळे प्रथिनांची गरज दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते, पण त्याच प्रथिनांनी पोट लवकर भरते ही अडचणही असते. अशा वेळी तृप्ती वाढवणाऱ्या गोष्टी मागे घ्याव्यात: जेवणाआधी ताक किंवा सूप देऊ नये, कोशिंबीर शेवटी द्यावी, तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. इतरांना ज्याबद्दल सावध केले, तेच तूप, दाण्याचे कूट आणि साय तिच्या मऊ खिचडीत घालावी, म्हणजे लहान घासात जास्त उष्मांक जातील. दुधात नागलीचे सत्त्व शिजवून दिल्यास तेही चालेल, कारण प्रश्न ९ मध्ये सांगितलेला पेयांचा दोष येथे गुण ठरतो. मात्र गेल्या काही महिन्यांत तिचे वजन प्रयत्नाशिवाय उतरले असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.